हौदा, गादी आणि डांबरी रस्ता

पैलवान आणि कराटेवाला यांची खरोखरची मारामारी झाली तर कोण जिंकेल? कोरेगावात हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. कोरेगाव म्हणजे भीमेकाठचं नव्हे. सातारा-पंढरपूर रस्त्यावरचं, आल्याच्या आणि घेवड्याच्या शेतांतलं आमचं. विचारणारी पोरं अकरावी-बारावीची असतात, मोबाइलवर पिंजऱ्यातली लढत बघून आलेली. मला विचारतात, कारण मी तालमीत वाढलो, पुढं पोलिसात गेलो, तिथं ज्यूदो शिकलो, आणि नोकरीत ज्या झटापटी वाट्याला आल्या त्यांना ना पंच होता ना शिट्टी.

माझं उत्तर ठरलेलं आहे. पैलवानावर पैसे लावा. पण समोरचा कराटेवाला रोज कुणाशी तरी अंग मोडून लढत असेल, तर पैसे खिशातच ठेवा. (पोलिसानं पैज लावायला सांगू नये, पण आता मी निवृत्त आहे.) पोरं पहिलं वाक्य तेवढं घेऊन जातात आणि तालमीत सांगत सुटतात. खरी गोष्ट दुसऱ्या वाक्यात आहे.

तालमीत संध्याकाळी काय चालतं ते बघा. जोर, बैठका, सपाट्या झाल्या की पोरं हौद्यात उतरतात आणि जोड करतात. समोरच्याला पडायचं नसतं. तुम्ही पटाला हात घातला की तो पाय मागं नेतो, मान दाबतो, त्याचं कोपर तुमच्या बरगडीत रुततं, घामानं मनगट निसटतं. पट फसतो, पुन्हा फसतो, वस्ताद काठावरून शिवी हासडतो, आणि कधीतरी तो लागतो. असा लागलेला पट तुमचा होतो, झोपेतही निघतो.

आता एखाद्या क्लासात डोकवा. पोरं ओळीत उभी, हवेत ठोसे. मग दोघं पुढं येतात. एक जण दुसऱ्याचं मनगट धरतो आणि धरूनच उभा राहतो. दुसरा ते झटक्यात सोडवतो. पालक टाळ्या वाजवतात. मनगट धरणारा मोकळ्या हातानं कानाखाली का देत नाही, हे कुणी विचारत नाही. सगळेच कराटेचे क्लास असे नसतात. क्योकुशिन पंथाच्या सरावात छातीपोटावर पूर्ण ताकदीचे ठोसे आणि मांडीवर लाथा चालतात. तिथून तयार झालेला गडी चिवट असतो. कलेचं नाव काय, यापेक्षा सरावात समोरून विरोध किती होतो यावर सगळं ठरतं.

जपानच्या जिगोरो कानोंना हे नेमकं कळलं होतं. त्यांनी 1882 मध्ये कोदोकान ही शाळा काढली आणि ज्यूदो उभा केला. त्याआधीच्या जुजुत्सूच्या जुन्या परंपरांमध्ये अनेक जीवघेणे डाव होते. पण जीवघेणे असल्यामुळंच ते खऱ्या जोरानं कुणावर करून बघता येत नसत. ठरवून, हळूहळू, जोडीदाराच्या संमतीनं करायचे. कानोंनी असे डाव खुल्या लढतीतून बाजूला काढले आणि जे उरले ते पूर्ण ताकदीनं, विरोध करणाऱ्या माणसावर, रोज करायला लावले. त्यामुळं ज्यूदो मवाळ व्हायला हवा होता, झाला कडक. शिवाय कानो स्वतःही एकाच घराण्याचे नव्हते. तेन्जिन शिन्यो-र्‍यू आणि कितो-र्‍यू अशा दोन शाळांमध्ये ते शिकले, आणि एका जाडजूड सहकाऱ्याला कसं पाडावं हे सुचेना तेव्हा त्यांनी पाश्चात्त्य कुस्तीचं पुस्तक वाचून एक डाव बसवला. काता-गुरुमा म्हणतात त्याला. समोरच्याच्या हाताखाली शिरायचं, मांडीत हात घालायचा, त्याला आडवा खांद्यावर घ्यायचा आणि पलीकडं टाकायचा. आमच्याकडचं कुठलंही पोरगं तो बघून सांगेल, ही कलाजंग आहे. ज्यूदोतला खांद्यावरून फेकायचा डाव बघितला तर तो धोबीपछाडीचा सख्खा भाऊ निघतो. माणसाला दोन हात, दोन पाय आणि एक तोल. त्यातून किती वेगळं काढणार?

यातला सगळ्यांत मोठा दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे. कोरेगावातून मिरजेकडं जाणारी गाडी धरली तर कराड लागतं, आणि कराडजवळ गोळेश्वर. खाशाबा जाधव तिथले, जन्म 15 जानेवारी 1926. मातीत तयार झालेला, चपळ अंगाचा माणूस. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. 1948 मध्ये ते लंडन ऑलिंपिकला गेले आणि तिथं पहिल्यांदा गादीवर उतरले. माती पाय धरून ठेवते. गादी धरत नाही, उलट उसळी देते. मातीत चितपट होईपर्यंत कुस्ती चालते. तिथं घड्याळ होतं आणि गुण होते. रीस गार्डनर नावाच्या प्रशिक्षकानं त्यांना जमेल तेवढं गादीचं शिकवलं, आणि खाशाबांनी फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला. ज्या पृष्ठभागावर आयुष्यात कधी लढले नव्हते, त्यावर जगात सहावे.

चार वर्षांनी हेलसिंकी. जायला पैसे नाहीत म्हणून वर्गणी झाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7 हजार रुपये उभे केले. खाशाबांनी 57 किलो गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं आणि कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. इथवरची गोष्ट आपल्या शाळकरी पोरांना पाठ असते. पण त्यांना हरवून सुवर्ण कुणी नेलं, हे फारसं कुणी सांगत नाही. जपानचा शोहाची इशी. तोही 1926 चाच, आणि मुळात ज्यूदोचा गडी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी प्रशासनानं जपानच्या शाळा-कॉलेजांत ज्यूदोसारख्या युद्धकलांवर बंदी घातली, म्हणून तो कुस्तीकडं वळला. ज्यूदोतलं तोल मोडणं घेऊन तो गादीवर आला आणि जपानला कुस्तीचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण देऊन गेला.

म्हणजे 1952 च्या त्या गटात पहिला आणि तिसरा, दोघंही परक्या घरातून आलेले होते. एक ज्यूदोतून, एक मातीतून. आज पोरं ज्याला मोठ्या ऐटीत क्रॉस ट्रेनिंग म्हणतात, ते यापेक्षा वेगळं काय? इशीशी लांबलेली कुस्ती संपवून खाशाबा थकले होते, आणि लगेच सोव्हिएत रशियाच्या रशीद मामादबेयोवविरुद्ध त्यांना उभं केलं गेलं. नियमानं मधे विश्रांती मिळायला हवी होती. ती मागणारा भारतीय अधिकारी तिथं नव्हता, असं सांगतात. तिथं डाव कमी पडले नाहीत, नियमांची माहिती असलेला माणूस कमी पडला. पुढं 1955 मध्ये खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. आम्हा खात्यातल्या लोकांना त्यांचं नाव घेताना छाती जरा जास्तच फुगवता येते.

शेजारच्या सांगली जिल्ह्यानं तर 1962 च्या जाकार्ता एशियाडमध्ये कमालच केली. पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने. दोघंही मातीतले, दोघंही हिंदकेसरी म्हणून नावाजलेले. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली हात लावता येत नाही. पट नाही, टांग नाही, लपेट नाही. आमच्या पैलवानाचे अर्धे डाव तिथं बादच. तरी आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवलं. मान्यांनी उलटं, फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. मातीनं दिलेला दम आणि पकड त्यांनी दोन वेगळ्या नियमांत चालवून दाखवली. महाराष्ट्र केसरीत आजही गादी विभाग वेगळा आणि माती विभाग वेगळा असतो, दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात, आणि ती अंतिम लढत गादीवर होते. 2022 मध्ये ही स्पर्धा साताऱ्यात झाली. त्या वर्षी गादीचा पृथ्वीराज पाटील मातीच्या विशाल बनकरवर भारी पडला. म्हणून पाटलाला माती येत नव्हती असं समजू नका. आता चांगल्या मल्लाला दोन्ही यावंच लागतं.

मग पैलवानाला कमी काय पडतं? प्रत्येक खेळाचे नियम शरीराला सवयी लावतात, आणि नियम बदलले की त्याच सवयी फास बनतात. कुस्तीत पाठ टेकली की संपलं. म्हणून पैलवान पडता पडता पालथा होतो; ती सवय हाडात भिनलेली असते. पण जिथं गळा आवळायला परवानगी आहे तिथं पालथा पडलेला माणूस म्हणजे आयती पाठ आणि उघडी मान. तायक्वांदोत डोक्यावर ठोसा चालत नाही, म्हणून हात खाली राहतात. क्योकुशिनमध्येही हातानं तोंडावर मारत नाहीत; तिथल्या गड्याला पहिला ठोसा नाकावर बसला की तो गोंधळतो. बॉक्सरच्या कमरेला कुणी मिठी मारली तर पंच येऊन सोडवतो, आणि पंच नसेल तर बॉक्सर जमिनीवर जातो. ज्यूदोवाल्याला कॉलर आणि बाही लागते. उघड्या, घामेजल्या अंगाला धरायचं काय?

पैलवानाच्या या उणिवेची सगळ्यांत क्रूर परीक्षा 12 डिसेंबर 1976 ला कराचीत झाली. एका बाजूला अक्रम पैलवान: थोरल्या गामाचा पुतण्या, इमामबक्षाचा मुलगा, घराण्याची कुस्ती. दुसऱ्या बाजूला जपानचा अँटोनियो इनोकी, ज्यानं त्याच वर्षी टोकियोत मुहम्मद अलीशी पंधरा फेऱ्या बरोबरीत काढल्या होत्या, त्यातल्या बऱ्याचशा पाठीवर पडून लाथा मारत. इनोकीला सांधे पिळायची कुस्ती येत होती. त्यानं अक्रमचा हात मागं पिळून कुलूप घातलं. हार मानायची खूण करणं अक्रमच्या घराण्यात नव्हतं. त्यानं ती केली नाही, आणि त्याचा हात मोडला. ताकद, घराणं, जिद्द, सगळं होतं. समोरच्याकडं कुठलं हत्यार आहे याची कल्पना तेवढी नव्हती.

हीच गोष्ट सगळ्या जगाला 12 नोव्हेंबर 1993 ला अमेरिकेत डेन्व्हर शहरात कळली. पिंजऱ्यातल्या लढतींची पहिली यूएफसी स्पर्धा. आठ लढवय्ये, आठांचे वेगवेगळे पंथ, वजनगट नाहीत. एक बॉक्सर तर एकाच हातात ग्लोव्ह घालून आला होता. जिंकला ब्राझीलचा रॉयस ग्रेसी, 80 किलोंच्या आसपासचा सडपातळ माणूस. एका रात्रीत तिघांना त्यानं जमिनीवर नेऊन शरण आणलं. त्याच्या घराण्याची जुजुत्सू आली होती मित्सुयो माएदाकडून, म्हणजे कानोंच्याच कोदोकानातल्या माणसाकडून. मग लोकांनी ठरवून टाकलं की जमिनीवरची कुस्ती हेच अंतिम सत्य. थोड्याच वर्षांत तगडे अमेरिकी कुस्तीगीर आले आणि सगळ्यांना खाली दाबून मारू लागले. मग 1997 मध्ये मॉरिस स्मिथ या किकबॉक्सरनं खाली दाबलं गेल्यावर टिकून राहायचं आणि परत उठायचं एवढंच नीट शिकून घेतलं, आणि मार्क कोलमन या कुस्तीगिराला हरवलं. तेव्हापासून कुणी एकच पंथ घेऊन तिथं जात नाही.

आपल्या महाराष्ट्राचा भरत खंडारे 25 नोव्हेंबर 2017 ला शांघायमध्ये यूएफसीत उतरला. कुस्तीतून आलेला मल्ल. चीनच्या सोंग यादोंगनं त्याला पहिल्याच फेरीत गिलोटिन चोकनं हरवलं. म्हणजे मान काखेत धरून गळा आवळायचा. आमच्या तालमीत पट काढताना डोकं कुठं ठेवायचं हे वस्ताद शिकवतोच. पण मान अडकली तर दुखते, याहून मोठी शिक्षा मातीत नसते. त्या खेळात तेवढ्यावर लढत संपते. जो पैलवान तिकडं जाऊ बघतो त्यानं पहिलं काम हे करावं: गळा कसा आवळतात आणि त्यातून मान कशी काढतात, हे ज्यूदोवाल्याकडून शिकून घ्यावं.

मर्दानी खेळांबद्दल बोललो नाही तर कोल्हापूरकर रागावतील. दांडपट्टा, लाठी, विटा, तलवार हा अभिमानाचा ठेवा आहे. 2024 मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला. अंतर ओळखणं, पायांची चाल, मनगटाची ताकद, हे त्यातून मिळतं. पण शिवजयंतीच्या मिरवणुकीत होतो तो देखावा, आणि देखाव्यात समोरचा ठरल्याप्रमाणं वागतो. ज्यांच्याकडं लाठीची खुली लढत होते त्यांच्याकडं जरूर जावं. असे वस्ताद थोडे आहेत.

आता डांबरी रस्त्यावर येऊ. पोरांना वाटतं पिंजऱ्यातली लढत म्हणजे खरी लढत. तिथं वजनगट असतात, डॉक्टर असतो, समोर एकच माणूस असतो आणि त्याच्या हातात काही नसतं. बाजारपेठेतल्या भांडणात यातलं काही नसतं. मी एका तगड्या पोराला जत्रेतल्या भांडणात दुहेरी पट काढताना बघितलं. पट झकास निघाला, समोरचा आडवा झाला. पोराचे दोन्ही गुडघे डांबरावर घासून मांस दिसायला लागलं, आणि आडव्या झालेल्याच्या भावानं मागून येऊन याच्या कानशिलावर लाथ घातली. हौद्यात दुसरा माणूस नसतो, हे त्याचं अंग विसरू शकलं नाही. जमिनीवर जाऊन कुलूप घालण्याची विद्या एकट्या माणसाशी उत्तम. चौघांत जमिनीवर जाणं म्हणजे तुडवून घेणं. रस्त्यावर पैलवानाची खरी दौलत म्हणजे न पडणं आणि कुणी मिठी मारली तर सुटणं. त्या बाबतीत त्याच्या वरचढ कुणी नाही.

आणि ऊसतोडीचा कोयता. नोकरीत कोयता हातात घेतलेल्या दारुड्याला धरायची वेळ आली तेव्हा मी डाव आठवत बसलो नाही. मधे सायकल घातली, बोलत राहिलो, आणि दोघं जण बाजूनं येईपर्यंत अंतर ठेवलं. सुरा हिसकावण्याचे जे डाव क्लासात दाखवतात, त्यांची परीक्षा सोपी आहे. जोडीदाराच्या हातात शाईचं पेन द्या, त्याला सांगा वाटेल तसं टोच, आणि मग सदरा बघा. तो सदरा बघून पोरगं पळायला शिकतं, आणि पळण्यासाठी दम लागतो. तो जोर-बैठका आणि धावण्यातून येतो, म्हणजे पुन्हा तालमीतूनच.

कायद्याचंही सांगतो, कारण पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेली चांगली पोरं मी खूप बघितली आहेत. भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दल आहेत. हक्क आहे, पण बचावापुरता. गरजेपेक्षा जास्त इजा केली तर तो हक्क तुमच्या कामी येत नाही. समोरचा पडला, पळाला किंवा हात जोडले, की तिथं तुमचंही थांबायचं. तालमीतल्या पोराला हे जरा जास्त लागू होतं. दगडी फरशीवर मारलेली धोबीपछाड काय करते हे डॉक्टरांना विचारा.

मग शिकायचं काय आणि कसं? माझं मत असं. आमच्या भागातल्या पोरानं सुरुवात तालमीतच करावी. गावात आहे, खर्च खुराकाचा, आणि दहा-बाराव्या वर्षी माती अंगाला लागली की तोल आणि पकड आयुष्यभर पुरते. दोन-तीन वर्षं दुसरं काही बघू नये. महिन्याला क्लास बदलणाऱ्या पोराला काहीच येत नाही, फक्त नावं येतात. मग ज्यूदो जोडावा, कारण रस्त्यावरचा माणूस लंगोटात नसतो, सदऱ्यात किंवा जाकिटात असतो, आणि ज्यूदोवाल्याला त्या कापडाचं काय करायचं ते कळतं. पडायचं कसं हेही ज्यूदोच नीट शिकवतो. मातीत मऊ पडायची सवय असलेल्याला त्याची गरज जास्त. तिसरं, थोडं बॉक्सिंग. चॅम्पियन व्हायला नव्हे. ठोसा येताना डोळे उघडे राहावेत आणि हनुवटी खाली राहावी एवढ्यासाठी. मात्र डोक्यावर जोराचे ठोसे रोज खाऊ नयेत. मोडलेले कान पैलवान मिरवतो, मेंदूला बसलेला मार मिरवता येत नाही.

मुलींच्या बाबतीत पालक मला हळू आवाजात विचारतात, जणू काही गुपित आहे. मुलींनीही हेच करावं. बेळगावजवळच्या तुरमुरीची मलप्रभा जाधव मुळात ज्यूदोची खेळाडू. 2018 च्या एशियाडमध्ये ती कुराश या मध्य आशियाई कुस्तीप्रकारात उतरली आणि कांस्यपदक घेऊन आली. शाळांमध्ये आता मुलींना स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण देतात, ते चांगलंच आहे. पण काही आठवड्यांच्या शिबिरात ओरडायचं कसं, सुटायचं कसं आणि पळायचं कधी एवढं शिकवलं तर पुरे. त्यात दहा डाव कोंबले की मुलीला खोटा भरवसा येतो, आणि खोटा भरवसा घेऊन बाहेर पडणं भीती घेऊन बाहेर पडण्यापेक्षा वाईट.

तेव्हा पोराला-पोरीला कुठंही घालण्याआधी एक संध्याकाळ तिथं जाऊन बसा. भिंतीवरचे चषक आणि सरांचे पट्टे बघू नका. जोडीदार खरोखर विरोध करतो का, हार मानायची खूण झाली की लगेच सोडतात का, मोठं पोरगं लहानाला चेचत असेल तर शिकवणारा उठून मधे येतो का, एवढं बघा. आणि महिनाभरात तुमचं पोरगं एकदाही पडून आलं नसेल, तर फी परत मागा.